मोंतेनची वही: स्वतःला तपासायची एक जुनी सवय कशी लावून घ्यायची

चांगलं कसं वागावं यावर सुविचार ढिगाने मिळतात. सकाळी उठल्या उठल्या फोनवर चार येऊन पडलेले असतात, आपण वाचतो, अंगठा दाखवतो, पुढे ढकलतो आणि दहा मिनिटात घरातल्याच कुणावर तरी खेकसतो. मीही त्यातलाच. मोंतेन या जुन्या फ्रेंच निबंधकाराकडे गेलो तेही असंच एखादं चमकदार वाक्य हाताला लागेल म्हणून, आणि वाक्यं लागलीही, पण खरा फायदा झाला तो त्याच्या एका सवयीचा. स्वतःबद्दल लिहायचं, खरं लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही, एवढीच ती सवय. ती कशी लावून घ्यायची ते इथे सांगतो.

आधी थोडी ओळख. मिशेल द मोंतेन, जन्म १५३३, फ्रान्समध्ये बोर्दोजवळ. वडील पैसेवाले आणि हौशी, इतके हौशी की पोराला लॅटिन मातृभाषेसारखी यावी म्हणून फ्रेंच न येणारा जर्मन शिक्षक ठेवला आणि घरातल्या नोकरचाकरांनाही पोराशी मोडक्यातोडक्या लॅटिनमध्येच बोलायला लावलं. पुढे हा बोर्दोच्या न्यायालयात न्यायाधीश झाला, मग ते पद सोडलं आणि १५७१ मध्ये, अडतिसाव्या वाढदिवशी, भिंतीवर लॅटिनमध्ये चक्क लिहूनच घेतलं की आता सार्वजनिक कामं पुरे, उरलेलं आयुष्य निवांत. गढीचा गोल बुरूज होता त्यात राहायला लागला, खाली प्रार्थनाघर, मध्ये झोपायची खोली, सगळ्यात वर हजारेक पुस्तकं आणि छताच्या तुळयांवर रंगवलेली ग्रीक-लॅटिन वचनं. बाहेर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते.

आता मजा बघा. निवांतपणा मिळाल्यावर मन शांत होईल असं त्याला वाटलं होतं, झालं उलटंच. मन मोकाट सुटलेल्या घोड्यासारखं उधळलं आणि काय काय भलत्या कल्पना पैदा करायला लागलं. मग त्याने ठरवलं की हे सगळं टिपूनच ठेवायचं, म्हणजे कधीतरी या मनाला दाखवून त्याचीच त्याला लाज वाटायला लावता येईल. त्याच्या निबंधांच्या पुस्तकाचा उगम असा. आपणही इथूनच सुरू करायचं.

वही घ्या, पण ती डायरी नाही

डायरीत आपण लिहितो आज काय झालं. या वहीत लिहायचं ते असं की जे झालं त्यात मी कसा सापडलो. त्याने आपल्या लिखाणाला 'एसे' म्हटलं, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ प्रयत्न, चाचणी. सोनार कस लावून बघतो ना, तसं. त्यामुळे रोज लिहिलंच पाहिजे असं काही नाही, आठवड्यात दोन नोंदी झाल्या तरी बास, पण प्रत्येक नोंदीत एक छोटी घटना हवी आणि त्यात आपण काय केलं, काय बोललो आणि आतून नेमकं काय वाटलं, हे तीन वेगवेगळं यायला हवं. तिसरं सगळ्यात अवघड जातं. पहिले काही दिवस आपण तिथेही खोटंच लिहितो, कारण वही उद्या कुणी वाचली तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

माझीच एक नोंद देतो, लाज वाटतेय पण द्यायला हवी. ऑफिसात एका सहकाऱ्याचं प्रेझेंटेशन पार फसलं, आकडे चुकले, साहेबांनी सगळ्यांसमोर झापला. नंतर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो, अरे होतं असं, मनावर घेऊ नको वगैरे बोललो, आणि ते मनापासून होतं, खरंच वाईट वाटत होतं. पण जागेवर येऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की छातीत कुठेतरी हलकं हलकं वाटतंय. सरळ सांगायचं तर बरं वाटत होतं. वहीत लिहिताना पहिल्यांदा "वाईट वाटलं" एवढंच लिहिलं, पेन खाली ठेवलं, पाणी पिऊन आलो आणि मग खाली जोडलं, "आणि बरंही वाटलं."

मोंतेनने हे साडेचारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. दुसऱ्याचं दुःख बघताना, अगदी कळवळा आलेला असतानासुद्धा, आत एक आंबटगोड दुष्ट सुखाची टोचणी असते आणि ती लहान मुलांनाही जाणवते, असं तो म्हणतो. पुढे तर म्हणतो की असल्या गोष्टींची बीजं माणसातून काढून टाकाल तर माणसाच्या जगण्याचा पायाच उखडाल. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला, पण लगेच पाठ थोपटून घ्यायची सोय त्याने ठेवलेली नाही. टोचणी आहे हे मान्य करायचं, तिला सद्गुण म्हणायचं नाही, एवढंच.

मोठे विषय शोधू नका

सत्य, न्याय, मृत्यू यावर लिहायला बसलात तर दोन पानात भाषण तयार होईल. मोंतेन स्वतःच्या शरीरापासून सुरू करतो. त्याला खरबुजं आवडतात, कान आतून खाजतात आणि खाजवणं ही निसर्गाने दिलेली एक गोड सोय आहे, जेवताना इतकी घाई होते की जीभ चावली जाते, कधी बोटंसुद्धा, हे सगळं त्याच्या शेवटच्या आणि बहुतेक सगळ्यात शहाण्या निबंधात येतं. त्याच निबंधात ते प्रसिद्ध वाक्य आहे की जगातल्या सर्वात उंच सिंहासनावर बसलो तरी बसलेलो असतो आपल्याच ढुंगणावर. खरबूज आणि सिंहासन एकाच ठिकाणी, हीच त्याची तऱ्हा.

म्हणून सुरुवात क्षुल्लक गोष्टींनी करा. लिफ्टमध्ये कुणी धावत येताना दिसलं तेव्हा बटण दाबलं का, आणि न दाबता फोनमध्ये बघितल्याचं नाटक केलं का. कुणी चूक दाखवल्यावर पहिलं वाक्य काय निघालं तोंडातून. अशा नोंदी वीसएक झाल्या की माणूस दिसायला लागतो, आणि बऱ्याचदा तो आपल्या ओळखीचा नसतो.

खोडायचं नाही, जोडायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मोंतेनचं पुस्तक १५८० मध्ये दोन खंडात आलं, १५८८ मध्ये तिसरा खंड जोडून परत आलं, सगळे मिळून १०७ निबंध, आणि त्यानंतर १५९२ मध्ये मरेपर्यंत तो छापील प्रतीच्या समासात लिहीतच राहिला, ती प्रत आजही बोर्दोत जपून ठेवलीय. तो सांगतो, मी भर घालतो, दुरुस्ती करत नाही. बारीकसारीक शब्द त्यानेही बदललेत, पण जुनं मत पुसून त्या जागी नवं शहाणं मत बसवायचं हा त्याचा स्वभाव नाही. म्हणून एकाच परिच्छेदात चाळिशीतला माणूस आणि पन्नाशी उलटलेला माणूस शेजारी शेजारी बोलताना सापडतात आणि त्यांचं जमतंच असं नाही. मी असणं रंगवत नाही, सरकणं रंगवतो, असं तो म्हणतो ते यामुळेच.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण त्याच्या मित्राचं. एतिएन द ला बोएसी, न्यायालयातला सहकारी, १५६३ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेला. मोंतेन त्या दुःखातून शेवटपर्यंत पुरता बाहेर आला नाही. मैत्रीवरच्या निबंधात त्याने छापलं होतं की मी त्याच्यावर इतकं प्रेम का केलं असं कुणी खोदून विचारलं तर ते सांगता येणार नाही. तिथे थांबला होता. नंतर कधीतरी समासात लिहिलं, "कारण तो तो होता." आणि नंतर वेगळ्या शाईने पुढे, "कारण मी मी होतो." दोन अर्धी वाक्यं, आणि तीही एका बैठकीत नाही. पहिला भाग लिहून वही मिटली असती तर अर्धंच राहिलं असतं.

तेव्हा कागदाची वही घ्या आणि पानाचा एक तृतीयांश भाग उजवीकडे कोरा सोडा. फोनमधल्या नोट्समध्ये हे जमत नाही, मी करून बघितलंय, तिथे बॅकस्पेस इतका हाताशी असतो की आपण नकळत स्वतःला छान छान करून टाकतो. दर तीनएक महिन्यांनी मागची पानं वाचायची आणि वाटेल ते समासात वेगळ्या रंगाने लिहायचं, तारखेसकट. जुनं कितीही मूर्खपणाचं वाटलं तरी काट मारायची नाही. पहिल्यांदा मागचं वाचताना फार लाज वाटते, पान फाडावंसं वाटतं, फाडू नका.

एक जोडकाम पण आहे. मोंतेनची स्मरणशक्ती त्याच्याच म्हणण्यानुसार अगदी टाकाऊ होती, वाचलेलं पुस्तक नवं समजून परत हातात घ्यायचा आणि बघतो तर आपणच पानभर खरडलेलं. म्हणून त्याने पुस्तक संपल्यावर शेवटी तारीख आणि त्या लेखकाबद्दलचं मत लिहून ठेवायची सवय लावली. दोन ओळी पुरतात. पाच वर्षांनी त्याच पुस्तकाबद्दलचं आपलं मत वाचून बघा, पुस्तक तेच असतं.

एका कृतीवरून निकाल देऊ नका

नोंदी साचल्या की एक मोह होतो, म्हणजे "मी मुळात भित्रा आहे" किंवा "मी मुळात प्रेमळ आहे" असं लेबल चिकटवायचा. मोंतेन इथे हात धरतो. आपण सगळे ठिगळांचे बनलोय, म्हणतो, आणि आपल्यात नि दुसऱ्यात जेवढा फरक तेवढाच आपल्यात नि आपल्यात. स्वतःबद्दल लिहिताना तर जोड्याच देतो, लाजरा आणि उद्धट, बडबड्या आणि घुमा, खोटारडा आणि खरं बोलणारा, उदार आणि चिक्कू आणि उधळ्यासुद्धा. जसा फिरून बघेन तसं यातलं प्रत्येक काहीतरी माझ्यात सापडतं.

करायचं काय, तर एक गुण किंवा अवगुण पकडा आणि त्याच्या वेगवेगळ्या दिवसांच्या तीन नोंदी शेजारी ठेवा. मी धीटपणा घेतला होता. एका मीटिंगमध्ये वरिष्ठांना तोंडावर विरोध केलेला, दुसऱ्या दिवशी रांगेत घुसणाऱ्याला काही न बोललेलो, आणि तिसऱ्यात रात्री अनोळखी नंबरचा फोन न उचललेला. यातून मी धीट की भित्रा? काहीच ठरेना. एवढं मात्र कळलं की मीटिंगमध्ये लोक बघत होते.

सद्गुणाची चाचणी: सोपं गेलं की जड गेलं

चांगुलपणाच्या प्रश्नाला तो क्रूरतेवरच्या निबंधात हात घालतो, आणि माझ्या मते वाचायचा असेल तर आधी हाच वाचा. मुद्दा साधा वाटतो. स्वभावानेच मऊ असलेला माणूस अपमान झाला तरी सोडून देतो, छान आहे. पण ज्याला तो अपमान आतपर्यंत झोंबलाय, सूड घ्यावासा वाटतोय आणि तरी जो झगडून हात आवरतो, त्याने काहीतरी जास्त केलं. पहिल्याला चांगुलपणा म्हणा, सद्गुण हा शब्द दुसऱ्यासाठी ठेवा, कारण सद्गुणाला समोर काहीतरी अडचण लागते. पण मग सॉक्रेटिसचं काय? त्याला तर चांगलं वागताना धाप लागलेली कुठेच दिसत नाही. मोंतेन थबकतो आणि तिसरा प्रकार मान्य करतो, इतका मुरलेला सद्गुण की तो स्वभावच होऊन जातो आणि वाईट वासनांना डोकं वर काढायलाच जागा उरत नाही.

आणि स्वतःला कुठे बसवतो? सगळ्यात खाली. माझ्यात जे काही बरं आहे ते जन्माच्या नशिबाने आलंय, मला फार झगडावं लागलेलं नाही, माझे मोह मुळातच जोरदार असते तर माझं काय झालं असतं कोण जाणे. एवढं प्रामाणिक कोण लिहितं हो.

वहीत याचा उपयोग असा. चांगली वाटलेली प्रत्येक नोंद घ्या आणि शेजारी दोनच शब्दांपैकी एक लिहा, "सहज" किंवा "झगडून". माझ्या यादीत "मला राग येत नाही" हे फार अभिमानाने मिरवलेलं होतं, लोकही कौतुक करायचे. झगडून आवरलेला राग शोधायला गेलो तर एकही सापडेना. मग अजून जरा खरवडलं तेव्हा दिसलं की राग येत नाही असं नाहीच, समोरचा नाराज होईल या भीतीने तो तोंडापर्यंत येतच नाही. म्हणजे ज्याला मी सद्गुण म्हणत होतो तो चांगुलपणाही नव्हता. ही नोंद लिहायला मला दोन आठवडे लागले.

क्रूरतेबद्दल मात्र तो असा चाचपडत नाही. तो म्हणतो, सगळ्या दुर्गुणात मला हा सर्वात वाईट वाटतो, कोंबडीची मान मुरगळलेलीही बघवत नाही आणि कुत्र्यांच्या दातात सापडलेल्या सशाचं ओरडणं ऐकवत नाही. हे म्हणणारा माणूस ज्या काळात राहत होता तिथे कायद्याने हाल हाल करून मारायचे. साध्या मृत्यूच्या पलीकडची कोणतीही शिक्षा निव्वळ क्रूरता आहे, असं त्याने लिहिलं. १५८१ मध्ये तो रोमला असताना तिथल्या धर्मपरीक्षकांनी पुस्तकात जे जे खटकलं म्हणून दाखवलं त्यात हेही होतं. त्याने ते काढलं नाही.

पण म्हणून त्याला संत करू नका, त्याला स्वतःला ते आवडलं नसतं. तो दोन वेळा बोर्दोचा महापौर होता, १५८१ ते १५८५, आणि मुदत संपायच्या वेळी शहरात प्लेग होता. नव्या महापौराच्या निवडीला यायचं की नाही हे त्याने बाहेरून पत्र लिहून विचारलं आणि शहरात पाऊल टाकलं नाही. यावरून नंतर लोकांनी त्याला भरपूर सुनावलंय. मला विचाराल तर माझं मत अजून ठरलेलं नाही, तिथे जाऊन नुसता संसर्गच ओढवला असता हेही खरं, आणि आपण तिथले प्रमुख होतो हेही खरं. त्याच प्लेगबद्दल तो एका निबंधात लिहितो, आजूबाजूचे शेतकरी कसे मेले ते. धडधाकट असताना एक जण स्वतःचा खड्डा खणत होता, काही जिवंतपणीच जाऊन त्यात झोपले, आणि त्याच्याकडच्या एका मजुराने मरता मरता हातापायांनी माती स्वतःवर ओढून घेतली. ज्यांनी ॲरिस्टॉटलचं नाव ऐकलेलं नाही त्यांच्याकडून निसर्ग रोज धीराचे असे नमुने काढतो की पुस्तकी लोकांनी बघत राहावं, हे त्याचं म्हणणं. सद्गुण शोधायला आपण चुकीच्या कपाटात हात घालतो.

शेवटी एक प्रश्नचिन्ह

मोंतेनचं आवडतं वाक्य, "मला काय कळतं?" त्याने ते तराजूच्या चित्रासोबत वापरलं. मांजराशी खेळताना त्याला पडलेला प्रश्न तुम्ही ऐकला असेल, मी मांजराला खेळवतोय की मांजर मला? नोंद पूर्ण झाली की त्यातलं एक ठाम वाक्य निवडा आणि त्याला प्रश्नचिन्ह लावून परत वाचा. "त्याने मुद्दाम केलं." "त्याने मुद्दाम केलं?" कधीकधी एवढ्यानेच हवा निघून जाते.

आणि कुणाला रानटी, गावंढळ, बिनडोक म्हणावंसं वाटलं तर शेजारी आपल्या बाजूचं तसलंच एक लिहायचं. ब्राझीलच्या नरभक्षकांवर लिहिताना त्याने नेमकं हेच केलं, मेलेला माणूस खाणं रानटी म्हणता, मग जिवंत माणसाला धर्माच्या नावाने हालहाल करून मारणं काय आहे? १५६२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरात ब्राझीलहून आणलेले तीन जण त्याने बघितले होते. त्यांना काय नवल वाटलं, तर काही लोक खाऊनपिऊन तुडुंब आणि काही त्यांच्याच दाराशी उपाशी, आणि हे उपाशी लोक त्यांच्या गळ्याला हात कसा घालत नाहीत.

वाचायचं कसं

पहिल्या पानापासून सुरू करू नका, कंटाळून सोडाल. आधी आळसावरचा, दीड-दोन पानांचाच आहे. मग आपल्या वागण्यातल्या विसंगतीवरचा, मग क्रूरतेचा, मग पश्चात्तापाचा, आणि अनुभवावरचा शेवटी. रेमों सेबों या धर्मपंडिताच्या समर्थनाचा जो आहे तो एकटाच एखाद्या पुस्तकाएवढा आहे, तो पहिल्या वर्षी लांबच ठेवा. इंग्रजीतून वाचणार असाल तर फ्रेम किंवा स्क्रीच यांची भाषांतरं सरळ आहेत, फ्लोरियोचं १६०३ चं भाषांतर सुंदर पण जुनं इंग्रजी, डोकं दुखेल. विषय सोडून भरकटतो तिथे पानं उलटू नका, माल बऱ्याचदा तिथेच असतो. आणि एका बैठकीत एकच निबंध, नंतर वही.

ती सहकाऱ्याची नोंद माझ्याकडे अजून आहे. "वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं." तीन महिन्यांनी समासात निळ्या शाईने लिहिलंय, "बरं का वाटलं? कारण पुढच्या आठवड्यात माझं प्रेझेंटेशन होतं." आणि त्याच्या खाली, जवळजवळ वर्षाने, हिरव्या शाईत, "आज माझं फसलं. तो येऊन शेजारी बसला, होतं असं म्हणाला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, काही दिसतंय का म्हणून. काहीच दिसलं नाही. माझ्याही चेहऱ्यावर तेव्हा दिसलं नसणार."